कलादालन शेवटी, ओटा आधी : ग्रामीण कलाकेंद्राच्या आराखड्याविषयी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : एका संस्थेला गावाच्या कडेला सुमारे २ हेक्टर उताराची जमीन मिळाली आहे, खालच्या अंगाला ओढा आहे, मधून एक जुनी पाऊलवाट जाते, आणि तेथे कलादालन, कार्यशाळा, पाहुण्या कलावंतांच्या खोल्या व खुला रंगमंच असलेले कलाकेंद्र उभारायचे आहे. हे केंद्र गावाशी आणि निसर्गाशी कसे जोडावे, आणि कलादालन किती मोठे असावे, असे आपण विचारले आहे. आपल्या प्राथमिक आराखड्यात कलादालन उताराच्या माथ्यावर आहे, सगळ्या जमिनीला कुंपण आहे आणि पाऊलवाट कुंपणाबाहेरून वळवलेली आहे. या तिन्ही गोष्टी बदलाव्यात असे माझे मत आहे.

या क्षेत्रात बरीच वर्षे काम केल्यावर माझी एक समजूत पक्की झाली आहे : केवळ कला पाहायला कोणी रोज येत नाही. उद्घाटनाच्या दिवशी सगळे गाव लोटते, पुढच्या प्रदर्शनाला निम्मे येते, आणि वर्ष उलटते न उलटते तोच दाराला कुलूप दिसू लागते. माणसे जेथे रोज जातात तेथे त्यांचे काहीतरी काम असते : पाणी भरायचे असते, उन्हातून येताना घटकाभर टेकायचे असते, मुलांना अभ्यासासाठी उजेड हवा असतो, अवजाराचा निखळलेला दांडा बसवून घ्यायचा असतो. कलाकेंद्राला असे एखादे रोजचे कारण नसेल, तर वास्तू कितीही देखणी असली तरी ती गावाच्या शेजारी उभी राहते, गावात शिरत नाही. म्हणून आराखड्याच्या पहिल्या कागदावर कलादालन न काढता हे रोजचे कारण काढावे.

सेनेगलच्या आग्नेय भागातील सिंथियान या गावी २०१५ मध्ये सुरू झालेले ‘थ्रेड’ हे कलाकेंद्र या दृष्टीने बारकाईने पाहण्याजोगे आहे. तेथे देशोदेशीच्या कलावंतांसाठी राहण्याची आणि कामाची सोय आहे. जोसेफ अँड ॲनी अल्बर्स फाउंडेशनने ते उभारले आणि वास्तुरचना तोशिको मोरी यांची आहे. त्या प्रदेशातील नेहमीच्या उतरत्या गवती छपराचा आकार त्यांनी काही ठिकाणी उलटा केला, म्हणजे छप्पर बाहेर उतरण्याऐवजी आत चौकाकडे उतरते, आणि त्यावरचे पावसाचे पाणी टाक्यांत साठते. गावाच्या घरगुती वापराच्या पाण्यापैकी सुमारे ४० टक्के पाणी या छपरातून मिळू शकते, असा त्या रचनेचा हिशेब आहे. छप्पर हे तेथे शिल्प आहे आणि पाणवठाही आहे. या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत, हे त्या रचनेचे खरे यश आहे. बुर्किना फासोमधील लाओंगो येथील ‘ऑपेरा व्हिलेज’चा क्रमही बोलका आहे. जर्मन दिग्दर्शक क्रिस्टोफ श्लिंगेन्झीफ यांच्या कल्पनेतून आणि वास्तुरचनाकार फ्रान्सिस केरे यांच्या आराखड्यानुसार तेथे २०१० मध्ये काम सुरू झाले. नाव ऑपेराचे असले तरी आधी शाळा झाली, नंतर दवाखाना झाला, आणि नाट्यगृह शेवटच्या टप्प्यासाठी ठेवले गेले. ज्या संस्थेला घाई असते तिला हा क्रम उलटा वाटतो. मला तो एकमेव शहाणा क्रम वाटतो.

आता जमिनीकडे वळू. एक पूर्ण पावसाळा पाहिल्याशिवाय जोत्याची जागा ठरवू नये. अर्ध्या मीटरच्या अंतराने समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, दाखवणारा मोजणीचा नकाशा हवाच, पण तो पुरेसा नाही. पहिल्या जोरदार सरीला छत्री घेऊन स्वतः जमिनीवर उभे राहावे, पाणी कोठून येते, कोठे थबकते आणि कोठे माती घेऊन जाते हे पाहावे आणि त्या जागी खुंट्या ठोकून ठेवाव्यात. ओढ्याचे पाणी आजवर कोठपर्यंत चढले होते, हे गावातील वयोवृद्धांकडून जागेवर नेऊन विचारावे. कागदावरील पूररेषेइतकेच हे उत्तर महत्त्वाचे असते, आणि दोन्हींत फरक निघाला तर वरची रेषा धरावी. त्या रेषेच्या खाली कायमचे बांधकाम नको. तो पट्टा ओढ्यासाठीच सोडावा, म्हणजे काठची झुडपे, गवत आणि त्यांवर जगणारे जीव तेथे टिकतील.

उताराच्या माथ्याचा मोह प्रत्येकाला होतो, मलाही झाला आहे. तेथून देखावा चांगला दिसतो, पण तेथे वारा सर्वाधिक लागतो, साहित्य वर नेण्यासाठी रस्ता कापावा लागतो, आणि तो कापलेला उतार पुढे वर्षानुवर्षे घसरत राहतो. शिवाय खालून येणाऱ्या गावकऱ्याला ती इमारत डोक्यावर बसल्यासारखी दिसते. जमिनीवर जी जागा आधीच उकरलेली, तुडवलेली किंवा ओसाड झालेली असेल तेथे बांधावे, आणि माथा मोकळा ठेवून तेथे फार तर एक बाक टाकावा. झाडांच्या बाबतीत एक चूक जवळजवळ प्रत्येक कामावर होते : झाड वाचवले असे सांगतात आणि त्याच्या बुंध्याभोवती दोन फूट भराव घालतात. पाणी आणि हवा घेणारी बहुतेक मुळे वरच्या अर्ध्या ते एक मीटर मातीतच असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही पसरलेली असतात. म्हणून निदान फांद्यांच्या घेराइतकी जागा बांधकाम सुरू होण्यापूर्वी दोरी लावून राखावी. तेथे वाळूचा ढीग नको, वाहन नको, सिमेंट कालवणे तर नकोच.

पाऊलवाटेबद्दल माझी स्वतःची चूक सांगतो. एका केंद्राच्या आराखड्यात मी अशीच एक वाट सरळ प्रवेशद्वाराकडे वळवली होती. कागदावर ती फार सुबक दिसत होती. प्रत्यक्षात सरपण आणि गवताचा भारा डोक्यावर घेऊन येणाऱ्या स्त्रियांना त्यामुळे बराच मोठा वळसा पडू लागला. त्यांनी तक्रार केली नाही. त्यांनी कुंपणाची तार खाली दाबली आणि पूर्वीच्याच वाटेने जाऊ लागल्या. तार तीन वेळा दुरुस्त झाली, चौथ्यांदा आम्ही तो भाग काढून टाकला, आणि त्यानंतर ध्यानात आले की केंद्राची सर्वांत चांगली ओसरी त्या वाटेच्या कडेला असायला हवी होती. आपल्या जमिनीवरील वाट हा अडथळा नसून केंद्राचा आयता मधला रस्ता आहे. ती तशीच राहू द्यावी, कार्यशाळा तिच्या दोन्ही अंगांना विखुराव्यात, आणि येता-जाता आत काय चालले आहे हे न विचारता दिसेल अशी व्यवस्था करावी. मातीचे काम, सुतारकाम, विणकाम वाटेच्या बाजूला ठेवावे, कारण हातांची हालचाल माणसाला थांबवते. लेखन, संगीताचा सराव आणि राहण्याच्या खोल्या आत, शांत बाजूला न्याव्यात. कुंपण हवे असल्यास ते भट्टी आणि साहित्याच्या कोठाराभोवती असावे, जमिनीभोवती नसावे.

वाटेवरून आत येणारा माणूस एकदम दारात पोहोचू नये. आधी सावली, मग ओटा, मग ओसरी, मग चौक, आणि शेवटी खोली, असे टप्पे असले म्हणजे त्याला कोणत्याही टप्प्यावर थांबता येते आणि मागे फिरताना संकोच वाटत नाही. आपल्याला आत जायला परवानगी आहे की नाही ही शंका गावातील अनेकांच्या मनात असते, विशेषतः जे वस्तीच्या टोकाला राहतात आणि ज्यांना अशा ठिकाणी कधी बोलावलेच गेलेले नाही त्यांच्या मनात. या शंकेचे उत्तर फलकावर लिहून होत नाही. पाण्याचा नळ आणि स्वच्छतागृह ओट्यालगत, दाराच्या बाहेर असले, तर ते उत्तर आपोआप मिळते. ओट्याची उंची ४० ते ४५ सेंटिमीटर ठेवावी, म्हणजे वृद्धांनाही बसता-उठता येते. ओट्याची रुंदी निदान ६० सेंटिमीटर ठेवावी, म्हणजे शेजारी बोजा ठेवता येतो. चौकाची लांबी-रुंदी २० ते २५ मीटरपेक्षा वाढवू नये, कारण त्यापलीकडे समोरच्याचा चेहरा ओळखू येत नाही आणि चौकाचे मैदान होते. पायऱ्यांबरोबर १:१२ पेक्षा, म्हणजे १२ मीटर लांबीत १ मीटर चढापेक्षा, सौम्य उताराचा मार्ग सुरुवातीपासूनच आराखड्यात धरावा. बांगलादेशातील रुद्रपूर येथे वास्तुरचनाकार ॲना हेरिंगर यांनी माती आणि बांबू वापरून उभारलेल्या ‘आनंदालय’ या वास्तूत, जिला वास्तुकलेसाठीचा २०२० चा ओबेल पुरस्कार मिळाला, खाली अपंग व्यक्तींसाठी केंद्र आहे आणि वर स्त्रियांची शिवणकामाची कार्यशाळा आहे. वर जाणारा वळणदार उतारमार्ग हाच तेथे वास्तूचा सर्वांत आनंदी भाग झाला आहे. मागून जोडलेल्या उतारमार्गाला हे भाग्य लाभत नाही.

छप्पर आणि भिंत यांचा विचार एकत्र करावा. छपराच्या १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी मिळते. समजा एकूण छप्पर ६०० चौरस मीटर आहे आणि वर्षाचा पाऊस ८०० मिलिमीटर आहे, तर गळती, बाष्पीभवन आणि पहिले टाकून द्यायचे पाणी वजा जाता सुमारे ८० टक्के धरले तरी ३ लाख ८४ हजार लिटर पाणी हाती येते. रोज १,२०० लिटर वापर असेल तर ते ३२० दिवसांचे पाणी झाले. एवढी मोठी टाकी बांधणे सहसा परवडत नाही, म्हणून पिण्यापुरते साठवावे आणि उरलेले शोषखड्ड्यांतून जमिनीत मुरवावे. पन्हळीवर झाडाची फांदी येत असेल तर पानांनी ती तुंबणार हे गृहीत धरून, शिडी न लावता हाताला येईल अशा उंचीवर गाळणी बसवावी. ज्या दुरुस्तीसाठी शिडी शोधावी लागते ती होत नाही.

माती, दगड, बांबू, लाकूड हे जवळपासचे साहित्य वापरावे याबद्दल दुमत नसावे, परंतु त्याचे कारण केवळ भावनिक नको. मातीची भिंत हवेतील दमटपणा शोषते आणि सोडते, दिवसाची उष्णता उशिरा आत पोचवते, आणि तिची डागडुजी गावातील हातांना येते. तिला दोनच गोष्टी मारतात : खालून चढणारी ओल आणि वरून लागणारी झड. म्हणून जोते ४५ ते ६० सेंटिमीटर दगडाचे असावे आणि वळचण निदान ७५ सेंटिमीटर पुढे काढावी. ज्या बाजूने झड येते तेथे ओसरीच घ्यावी. बांबूला बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणाची प्रक्रिया केली तरी ते क्षार पावसाने धुऊन जातात, त्यामुळे प्रक्रिया केलेला बांबूही उघड्यावर ठेवू नये. धातूच्या पत्र्याचे छप्पर स्वस्त आणि पाणी गोळा करायला चांगले, पण पावसात त्याखाली बोललेले ऐकू येत नाही आणि उन्हात ते तापते. केरे यांनी बुर्किना फासोमधील आपल्या गांडो या गावच्या प्राथमिक शाळेत, जी २००१ मध्ये पूर्ण झाली, पत्र्याखाली मातीच्या विटांचे सच्छिद्र छत घेतले आणि पत्रा त्याच्या बराच वर उचलला. मधल्या पोकळीतून तापलेली हवा निघून जाते. कलादालनासाठी हाच उपाय सुचवीन, कारण त्यामुळे यंत्राच्या गारव्यावर खर्च न करता खोली वापरण्याजोगी राहते.

प्रदर्शनातील वस्तूंच्या बाबतीत मात्र निसर्गाशी जोडलेले असण्याला मर्यादा आहे. कागद, कापड आणि जलरंगातील चित्रांवर ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) जास्त उजेड पडू नये, तैलचित्रांना २०० लक्सपर्यंत चालतो, आणि उघड्या ओसरीत भर दिवसा त्याच्या अनेक पट उजेड असतो. उजेडाने होणारी हानी साचत जाते, ती भरून येत नाही. म्हणून ‘भिंतच नसलेले कलादालन’ ही कल्पना आकर्षक असली तरी त्यात मातीची, दगडाची, धातूची कामेच ठेवावीत, आणि नाजूक वस्तूंसाठी जाड भिंतींची, लहान खिडक्यांची एकच खोली वेगळी बांधावी. दमटपणा जास्त असण्याप्रमाणेच तो झपाट्याने वरखाली होणेही घातक असते, आणि तेथे मातीचा गिलावा खरोखर उपयोगी पडतो. चित्रकारांच्या कार्यशाळेला दिवसभर सारखा राहणारा उजेड हवा. उत्तर गोलार्धात तो उत्तरेकडून मिळतो, पण विषुववृत्ताच्या जवळ उन्हाळ्यात सूर्यही उत्तरेकडे सरकतो, त्यामुळे त्या खिडक्यांनाही झापा लागतात. रात्रीचे दिवे पिवळसर, खाली तोंड केलेले आणि गरज संपली की विझणारे असावेत. ओढ्याकाठच्या कीटकांना आणि वटवाघळांना रात्रभराचा पांढरा उजेड फार महागात पडतो.

एका विसंगतीबद्दल आराखड्यांत सहसा मौन असते, ते मी येथे मोडतो. कला ही स्वतः स्वच्छ नसते. भट्टीला लाकूड लागते आणि धूर होतो; रंगकामात वापरलेले द्रावक, झिलईतील धातू, साचेकामातील प्लास्टर, हे सगळे शेवटी कोठेतरी जाते, आणि उतारावर ते ‘कोठेतरी’ म्हणजे ओढाच असतो. नैसर्गिक रंग वापरले म्हणून सांडपाणी निरुपद्रवी होत नाही. रंग पक्का करण्यासाठी तुरटी वापरली असेल तर गोष्ट वेगळी, तांबे किंवा क्रोमियमचे क्षार वापरले असतील तर वेगळी. म्हणून रंगशाळा आणि कुंभारकाम ओढ्यापासून शक्य तितके दूर ठेवावे, गाळ बसवण्याच्या दोन-तीन टाक्या घ्याव्यात, विषारी क्षारांना केंद्रात प्रवेशच देऊ नये, आणि भट्टी एकाच कलावंताच्या दोन भांड्यांसाठी न पेटवता गावातील कारागिरांसह भरून पेटवावी. धूर वस्तीकडे जाणार नाही अशी जागा वर्षभराचा वारा पाहूनच ठरते.

लोकसहभागाविषयी आपण सभा घेणार आहात, ते चांगले आहे. पण सभेत तेच बोलतात ज्यांना बोलण्याची सवय असते. मी सभेपेक्षा जागेवर चुन्याने खोल्यांच्या रेषा आखून लोकांना त्यात हिंडू देतो. ‘येथे उभे राहिले की ऊन डोळ्यांवर येते’ हे वाक्य नकाशा पाहून कोणी बोलत नाही. आणि जे सांगितले जाते त्यामागे जे सांगितले जात नाही त्याचाही शोध घ्यावा. इजिप्तमध्ये वास्तुरचनाकार हसन फथी यांनी १९४५ पासून नवे गुर्ना हे गाव मातीच्या विटांनी, घुमट आणि कमानी घेऊन अतिशय आत्मीयतेने उभारायला घेतले. जुन्या वस्तीतील ज्या लोकांसाठी ते होते त्यांतील बहुतेकांनी तेथे राहायला जाण्याचे टाळले. त्यांची उपजीविका जुन्या वस्तीशी बांधलेली होती, आणि घुमट त्यांच्या मनात कबरींशी जोडलेला होता. रचना सुंदर होती, कारागिरी अस्सल होती, आणि तरीही ती लोकांची झाली नाही. स्थानिक शैली म्हणजे काय हे वास्तुरचनाकाराने एकट्याने ठरवले की असे होते.

याच्या उलट गांडोमध्ये गावकऱ्यांना सुरुवातीला मातीच्या शाळेबद्दल विश्वास नव्हता, कारण पावसात विरघळणारी माती त्यांनी पाहिली होती. विटा दाबून घडवण्यापासून सगळे काम त्यांच्याच हातून झाले तेव्हा तो विश्वास आला. मात्र येथे एक सावधगिरी हवी. सहभाग म्हणजे फुकटची मजुरी नव्हे. गवंडी, सुतार, विणकर यांना त्यांच्या कामाचे पूर्ण वेतन द्यावे, आणि केंद्र चालू झाल्यावर ते शिकवतील तेव्हा बाहेरून आलेल्या कलावंताला जे मानधन मिळते तेच त्यांनाही मिळावे. त्यांच्या नक्ष्या वापरून कोणी काही विकणार असेल तर श्रेय आणि वाटा कोणाचा, हे आधीच लिहून ठेवावे.

पाहुण्या कलावंतांचा मुक्काम फार थोडा असू नये. आठवड्याभरात माणूस फक्त छायाचित्रे घेतो. जपानमधील निगाता प्रांतात २००० पासून दर तीन वर्षांनी भरणारा एचिगो-त्सुमारी कला महोत्सव सुमारे ७६० चौरस किलोमीटरच्या डोंगराळ शेतीप्रदेशात पसरलेला आहे, आणि त्याची वाढ पाहिली तर कामे टिकली ती जमिनीच्या मालकांशी, शेजाऱ्यांशी दीर्घकाळ बोलणी करून उभी राहिलेली. तेथे नवे मोठे संग्रहालय हेच केंद्र मानले गेले नाही. ओस पडलेली घरे आणि बंद पडलेल्या शाळा कलाकृतींसाठी वापरल्या गेल्या. आपल्या गावात एखादी रिकामी इमारत असेल तर नवीन बांधण्यापूर्वी ती अवश्य पाहावी.

आता कलादालनाचा आकार. पहिल्या टप्प्यात एकूण बांधकामाच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त बांधू नये आणि त्यात कलादालन म्हणून ६० ते ८० चौरस मीटरची एक खोली पुरे, जिचे एक दार २.४ मीटर रुंद असेल आणि चौकात पूर्ण उघडेल. पहिल्या टप्प्यात ओसरी, पाण्याची टाकी, स्वच्छतागृह, एक मोठी कार्यशाळा आणि ही खोली एवढेच असावे. दोन वर्षांत काय वापरले जाते हे दिसेल आणि दुसरा टप्पा त्यावरून ठरवता येईल. देखभालीसाठी बांधकाम खर्चाच्या २ ते ४ टक्के रक्कम दरवर्षी बाजूला पडेल अशी तजवीज नसेल तर क्षेत्रफळ कमी करावे, दर्जा कमी करू नये. किल्ली कोणाकडे राहणार, हा प्रश्नही आराखड्याचाच आहे. ती संस्थेच्या दूरच्या कार्यालयात असेल तर केंद्र बंदच राहील. हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या दोन घरांत ती असावी, आणि ओटा, नळ, ओसरी यांना तर किल्ली लागूच नये.

राहिला खुला रंगमंच. आपण २०० जणांसाठी दगडी पायऱ्यांचा अर्धगोल काढला आहे, पण त्यासाठी उतार जवळजवळ ३ मीटर कापावा लागेल आणि पावसाचे पाणी नेमके त्याच खळग्यात येईल. पाऊलवाट जेथे ओढ्याकडे वळते तेथे आपल्या नकाशातच एक नैसर्गिक बशीसारखी जागा दिसते आहे. तेथे समोच्च रेषांना धरून गवताचे चार-पाच बांध घालावेत, खालची जागा सपाट करावी आणि तूर्त एवढ्यावरच थांबावे. कार्यक्रम नसेल त्या दिवशी तेथे गुरे चरतील, तर चरू द्यावीत.